सहा मार्चचा कागद

१

नवांकुर पुनर्निर्माण केंद्राच्या फाइलमधून एक कागद नाहीसा झाला आहे, अशी तक्रार जानेवारीच्या दुसऱ्या सोमवारी परवाना समितीपुढे आली आणि समितीने ती पावणेदोन मिनिटांत निकालात काढली. कारण कागद फाइलमध्ये होता. तारीख सहा मार्च, शिक्का तपासणाऱ्या थेरपिस्टचा, शाई निळी. तक्रार करणाऱ्या बाईचे म्हणणे एवढेच होते, की हा तो कागद नव्हे.

बाईचे नाव सू-छिंग. मुलगा चेंग-आन, वय पाच, स्वमग्न. गेल्या मार्चमध्ये केंद्राने त्याच्या कण्यात सुई घालून मूलपेशी सोडल्या होत्या, परक्या नवजात बाळांच्या नाळेतून काढून वाढवलेल्या. स्टेम सेल हे नाव हल्ली ताइनानच्या बाजारात साबणाच्या वेष्टनावरही सापडते. तेव्हा मुलाच्या कण्यात ते पोहोचले याचे समितीला आश्चर्य वाटले नाही. चौथ्या दिवशी मुलाला ताप आला, मग झटके. आई सांगत होती, की सुईआधी तो अकरा शब्द बोलायचा आणि हाक मारली की वळायचा. सुईनंतर सगळे गेले. केंद्राचा सहा मार्चचा कागद सांगत होता, की सुईआधीच शब्द शून्य आणि पाच हाकांपैकी शून्य हाकांना प्रतिसाद. डिसेंबरच्या कागदावर शब्द चार आणि पाच हाकांपैकी पाच. दोन्ही कागद शेजारी ठेवले की सुधारणा लख्ख दिसत होती. तिच्याच बळावर येत्या शुक्रवारी दुसरी सुई ठरली होती. मुलाचे वडील व्हिएतनामच्या एका कारखान्यात कामाला. ते गुरुवारी येणार होते आणि सुईआधी संमतीचा शिक्का मारणार होते.

"आयांना आठवतं ते घडलेलं नसतं, हवं असलेलं असतं," अध्यक्ष म्हणाले. तिघे सदस्य मंद हसले.

मी हसले नाही. बालकांचे मेंदूविकार मी चाळीस वर्षे शिकवले आहेत. निवृत्त प्राध्यापकांना अशा समित्यांवर घेतात ते कोपऱ्यातल्या कुंडीसारखे. कुंडीने उठून चौकशीला जाणे अपेक्षित नसते. मी बाहेर येऊन सू-छिंगला फोन लावला.

"समितीतल्या ना तुम्ही?" ती म्हणाली. "मग खोटारडी म्हणायला फोन केलात की वेडी म्हणायला?"

"मी घरी येऊ का, एवढंच विचारायला."

"या, बाई. पण सासूबाई आहेत घरात. आणि सुई हवी आहे ती त्यांनाच."

२

आमा (ताइनानमध्ये आजीला सगळेच आमा म्हणतात, मीही म्हटले) दारातच उभी होती. तिने मला कोहळ्याचा गोड चहा दिला आणि सुनेला बोलूच दिले नाही.

"डॉक्टरीणबाई, तुम्हीच बघा. हाक मारली की वळतो आता! आधी भिंतीला हाक मारावी तसं होतं."

"आधी म्हणजे कधी, आमा?"

"चंद्रोत्सवाला, ऑक्टोबरात. तेव्हाच तर मी माथौहून इथे राहायला आले. पपनसांची पेटी आणली होती. घसा बसेपर्यंत हाका मारल्या, पण पोरगं ढिम्म. आता बघा. चेंग-आन!"

फरशीवर गाड्या ओळीने लावणाऱ्या मुलाने मान वळवली, आजीकडे पाहिले आणि पुन्हा गाड्यांकडे वळला.

"सुईचा गुण आहे हा," आमा म्हणाली. "आणि लायसाहेबांचा. केंद्रात मुलांच्या घरच्यांचं सगळं तेच बघतात. झटके थांबेनात तेव्हा ही रडत बसली होती; लायसाहेबांनी मला त्या देवळाजवळच्या गुरुजींचा पत्ता दिला. तिथून दिवस पालटले."

"आई, झटके सुईनेच आले," सू-छिंग म्हणाली.

"सूनबाई, तुला पोराचं चांगलं झालेलं बघवत नाही का?"

सू-छिंगने मला मुलाची आरोग्यपुस्तिका आणून दिली. आमाने तिला लाल कापडाचे जाड वेष्टन शिवले होते. सहा मार्चच्या पानावर थेरपिस्ट च्वांग यांच्या हातचे आकडे होते: वजन, उंची, डोक्याचा घेर. शब्दांची नोंद मात्र नव्हती; ती केंद्राच्या कागदावरच करतात.

निघताना मला दाराच्या चौकटीवर पेन्सिलीच्या खुणा दिसल्या. कुणा मुलाची उंची दर काही महिन्यांनी मोजलेली, आणि प्रत्येक खुणेशेजारी एक नाव: यू-ले.

"हा कोण?" मी विचारले.

आमाच्या हातून चहाची बशी निसटली. सू-छिंगने खाली बसून तुकडे गोळा केले आणि वर न पाहता म्हणाली, "बाई, ते नका विचारू."

थोरला भाऊ, मी मनात म्हटले, गेलेला. फार वाचलेल्या माणसाला आधी शोकांतिका सुचते. मी अधिक विचारले नाही, आणि तो माझ्या सभ्यपणाचा मूर्खपणा होता.

३

केंद्राचे संचालक डॉ. पान यांनी मला पंधरा मिनिटे दिली, आणि ती देत आहोत हे दोनदा सांगितले.

"प्रोफेसर वेंग, विज्ञान कुणासाठी थांबत नाही."

"विज्ञान पुष्कळ थांबतं, डॉक्टर. तुलनेचा गट मिळेपर्यंत थांबतं. तुमच्याकडे तो कुठे आहे?"

"ज्यांना सुई द्यायची नाही, अशी मुलं मी कुठून आणू? कुठला बाप तयार होईल?"

"म्हणजे ज्यांना द्यायची ती मुलं मिळतात, पण तिचा उपयोग होतो का, ते पाहण्यासाठी मिळत नाहीत."

ते हसले. सत्काराच्या फोटोत असते तसे ते हसू होते. "लोक आमच्याकडे आशा घेऊन येतात."

"आणि तुम्ही ती कण्यात टोचता."

त्यांनी घंटी वाजवली आणि लाय आत आले.

लाय पन्नाशीचे, मऊ आवाजाचे. खिशात शेंगदाण्याची वडी, मनगटाला देवळातला लाल दोरा, ज्याकडे पाहून पान थट्टेने हसले. बाहेरच्या खोलीत बसलेल्या प्रत्येक मुलाचा वाढदिवस त्यांना पाठ होता. आम्ही तिथे आलो तशी एका आईने त्यांचा हात धरून ठेवला. तो त्यांनी हळूच सोडवून घेतला आणि मला फाइल दाखवली.

"हाच तो मूळ कागद, वेंगबाई. त्याच दिवशी, च्वांगबाईंच्या हातून भरलेला. प्रत नाही. समितीला मी तसं लेखी दिलंय."

कागद हाताने भरलेला होता. वर मुलाचे नाव, चेंग-आन. खाली रकान्यांत ठसठशीत आकडे, चौकोनांत बरोबरच्या खुणा, शेवटी च्वांग यांचा शिक्का. अक्षर असे होते की ते कुणाचेही असू शकले असते. मी पुस्तिका उघडून आकडे ताडून पाहिले. वजन १६.४. उंची १०३.५. डोक्याचा घेर ५०.८. दशांशापर्यंत तेच.

"च्वांगबाई कुठे असतात?"

"जूनमध्ये नोकरी सोडली त्यांनी. थोड्या..." लाय यांनी शब्द शोधला, "...रागीट होत्या. सू-छिंगताईंचं मला वाईट वाटतं हो. पोराच्या दुखण्यात आईचं मन भरकटतं. तिच्यावर चिडू नका."

असा दयाळू माणूस मी बऱ्याच दिवसांत पाहिला नव्हता. जिना उतरताना मी हिशेब केला. तीन आकडे तंतोतंत जुळत होते. कागद खरा निघत होता, म्हणजे आई खोटी निघत होती. आणि शुक्रवारला तीन दिवस उरले होते.

४

च्वांग आता खाडीजवळच्या मत्स्यतळ्यांपलीकडे, एका विशेष शाळेत काम करत होती. मधली सुट्टी होती. एका हाताने ती एका मुलीला माशाची पेज भरवत होती आणि दुसऱ्या हाताने तिची वाटीकडे झेपावणारी मूठ आवरत होती.

"नवांकुर? त्यांचं नाव काढू नका, बाई, जेवणाच्या वेळी. मी तिथे एका मुलाला सुईनंतर झटके आले असं लिहिलं, तर पानसाहेब म्हणाले, 'निरीक्षण लिहा, मत नको.' झटका हे मत असतं का? त्याच महिन्यात सोडलं मी. इतक्या तिरीमिरीत निघाले की शिक्कासुद्धा खणात राहिला."

"तुमचा शिक्का त्यांच्याकडे आहे?"

"परत मागितला होता. सापडत नाही म्हणाले."

मी कागदाची प्रत पुढे केली. "सहा मार्च. चेंग-आन नावाच्या मुलाची तपासणी. हे तुम्ही लिहिलंय?"

तिने चमचा खाली ठेवला. कागद वरपासून खालपर्यंत वाचला, पुन्हा वर आली आणि नावावर बोट ठेवले.

"बाई, या नावाच्या मुलाला मी जन्मात कधी तपासलेलं नाही."

"नीट आठवा. पाच वर्षांचा. गाड्या ओळीने लावतो."

"गाड्या सगळेच लावतात. पण चेंग-आन नव्हता कुणी. नावं विसरत नाही मी. हाक मारणं हे माझं कामच आहे."

मी फोनमधला फोटो दाखवला. तिचा चेहरा उजळला, आणि लगेच विझला.

"हा तर यू-ले! कसा आहे तो?"

५

या बेटावर दर वर्गात दोनतीन मुले नाव बदललेली असतात. माझे दोन विद्यार्थी परीक्षेच्या आधी एका नावाचे होते आणि निकालानंतर दुसऱ्या. आजार हटत नाही, व्यापार बसतो, लग्न जमत नाही. मग गुरुजी जन्मवेळ पाहून नवे नाव काढतात आणि नोंदणी कार्यालय ते निमूटपणे लिहून घेते. हे मला ठाऊक होते. तरीही चौकटीवरचे नाव पाहून मला मेलेला भाऊ सुचला होता.

सू-छिंगला मी देवळामागच्या बाकावर गाठले, कारण घरात ती बोलली नसती.

"जुनं नाव उच्चारायचं नाही, असं गुरुजींनी बजावलंय," ती म्हणाली. "उच्चारलं की जुनं नशीब परत येतं. पुस्तिकेवर होतं, म्हणून आईंनी कापड शिवलं. चौकट मी पुसू दिली नाही, तेवढ्यावरून महिनाभर अबोला होता. मी मानत नाही हो यातलं. पण मानत नाही म्हणून जुनं नाव घेतलं, आणि पोराला काही झालं, तर?"

"केंद्राचा कागद पाहिलात तेव्हा वरचं नाव खटकलं नाही?"

"माझ्या मुलाचं नाव होतं, बाई. काय खटकणार?" आणि मग तिचा हात तोंडावर गेला. "मार्च. मार्चमध्ये तो—"

"नाव कधी बदललं?"

"सप्टेंबरात."

नोंदणी कार्यालयाच्या उताऱ्यावर तारीख होती अठरा सप्टेंबर. चेंग-आन हे नाव सहा मार्चला जगात नव्हते. च्वांग जूनमध्येच गेली, तेव्हा ते तिच्या हातून उतरणे शक्य नव्हते. तिचा शिक्का मारणारा हात दुसरा होता, आणि त्याने हा कागद सप्टेंबरनंतर लिहिला होता.

पण तो हात कुणाचा? नवे नाव ठाऊक असणारे केंद्रात पुष्कळ होते. सप्टेंबरनंतर ते सगळ्याच याद्यांत गेले होते. मी टेबलावर कागद आणि पुस्तिका शेजारी ठेवून बसले आणि मग मला तीन आकड्यांचा खरा अर्थ लागला. पुस्तिका सू-छिंगच्या घरात होती. १६.४, १०३.५, ५०.८ हे आकडे बनावट कागदावर उतरवायचे तर खोटे करणाऱ्यासमोर खरा कागद उघडा असलाच पाहिजे. म्हणजे वर लिहिलेले यू-ले हे नाव त्याच्या डोळ्यांसमोर होते. वजन उतरवले, उंची उतरवली, घेर दशांशासह उतरवला. आणि नाव तेवढे उतरवले नाही.

ती चूक नव्हती. चूक करणारा समोरचे नाव मुकाट्याने उतरवून मोकळा झाला असता आणि कधीच सापडला नसता.

६

शुक्रवारी सकाळी नऊला सगळे पान यांच्या खोलीत होते. मुलाचे वडील को-शेंग उभेच होते, सहीऐवजी चालणारा नावाचा शिक्का हातात. आमा मुलाला मांडीवर घेऊन, सू-छिंग दारापाशी. भूल देणारी डॉक्टर आत तयार होती. बाहेरच्या खोलीत बाकीची कुटुंबे बसली होती आणि दार कुणी लावले नव्हते.

मी उतारा टेबलावर ठेवला आणि सहा मार्चचा कागद त्याच्या बाजूला. तारखा वाचून दाखवल्या.

"प्रत काढली असेल कुणी," पान म्हणाले. "कारकुनी बाब आहे."

"हा मूळ कागद आहे, प्रत नाही, असं समितीला लेखी कळवलेलं आहे. लायसाहेब, तुम्हीच लिहिलंत ना?"

लाय मनगटावरचा लाल दोरा चाचपू लागले. मी बाकीच्यांकडे वळले.

"पान यांनी खोटा कागद केला असता, तर समोरचं नाव तसंच उतरवलं असतं. गुरुजी, जन्मवेळ, असल्या गोष्टींवर ते हसतात. ज्याला या नावाचं काहीच वाटत नाही, त्याने ते बेधडक लिहिलं असतं. हा कागद अशा माणसाने केलाय, ज्याला ते लिहिणं शक्यच नव्हतं. मुलाच्या तोंडचे अकरा शब्द पुसताना ज्याचा हात अडला नाही, तो जुन्या नावापाशी अडला. आमांना गुरुजींचा पत्ता कुणी दिला?"

आमाने सावकाश मान वळवून लाय यांच्याकडे पाहिले.

"मी खोटं काही लिहिलेलं नाही," लाय म्हणाले. आवाज अजून मऊच होता. "ऑक्टोबरच्या सुरुवातीला मी स्वतः तपासलं त्याला. पाच हाका मारल्या. एकदाही वळला नाही. शब्द एकही नव्हता. आकडे खरे आहेत, वेंगबाई. तारीख तेवढी मागची घातली. साहेब म्हणाले होते, जुना कागद अडचणीचा आहे. दुसऱ्या टप्प्याचा परवाना त्यावर अडला असता."

"कोणत्या नावाने हाका मारल्यात?"

"चेंग-आन म्हणून. दुसरं घेणार कसं?"

"नाव लागून दोन आठवडे झाले होते," मी म्हणाले. "चार वर्षं ज्या नावाला तो वळत आला, ते तुम्ही त्याच्यापासून काढून घेतलंत, अनोळखी नावाने पाच हाका मारल्यात आणि लिहिलंत, प्रतिसाद शून्य. डिसेंबरपर्यंत ते नाव त्याच्या कानांत बसलं, त्याचं श्रेय सुईला दिलंत. झटक्यांत गेलेल्या अकरा शब्दांपैकी चार कसेबसे परत आले, तेही सुईच्या खात्यात. मुलाला इजा केलीत, तळ गाठल्यावर मोजलंत, त्यावर इजेच्या आधीची तारीख टाकलीत, आणि तो वर येऊ लागला तेव्हा त्याला उपचार म्हणालात."

"अहो प्रोफेसर," पान म्हणाले, "मला यातलं काहीही माहीत नव्हतं."

"विचारलं नाहीत म्हणून माहीत नव्हतं. त्याची काळजी तुम्ही चांगली घेतलीत." मी लाय यांच्याकडे वळले. "ज्याला नाव लिहवत नाही, त्याला ते फाडवतही नाही. तो कागद कुठे आहे?"

लाय उठले. स्वागतकक्षातल्या भूमिदेवतेच्या तसबिरीमागे हात घालून त्यांनी लाल पाकीट काढले, दोन्ही हातांनी आणले आणि माझ्या हाती न देता को-शेंगच्या हाती दिले.

को-शेंगने घडी उलगडली. च्वांगने शब्द ओळीने लिहिले होते, प्रत्येकापुढे तो कधी ऐकला तेही. तो ओठांतल्या ओठांत वाचत गेला. पाणी. बस. भात. नको. मांजर. नवव्या शब्दापाशी तो थांबला.

"पप्पा," तो म्हणाला. मग बायकोकडे पाहिले. "हा म्हणत होता?"

"फोनवर तुझा फोटो दिसला की. सांगितलं होतं मी तुला. तू म्हणालास, मला परत बोलावून घ्यायला काहीही रचतेस."

आमाने मुलाचे डोके छातीशी धरले. मग पान पुढे झुकले. तो आवाज मी पूर्वी ऐकला आहे. परिषदांच्या व्यासपीठांवरून, माहितीपत्रकांतून, शेवटचा पैसाही हातून गेलेल्या माणसांशी बोलताना.

"को-शेंग साहेब, जे झालं ते वाईट झालं. पण भावनेच्या भरात निर्णय नको. पहिल्या सुईने मेंदूला चालना मिळाली, हे तर दिसतंच आहे. दुसऱ्या सुईने तो शब्द परत येऊ शकतो."

को-शेंगने आतल्या दाराकडे पाहिले. अर्धा क्षण त्याने खरोखर पाहिले. त्याला मी दोष देणार नाही. शिक्का त्याच्या मुठीतच होता.

मग हातातला कागद टेबलावर ठेवून तो पान यांच्यासमोर जाऊन उभा राहिला.

"डॉक्टर, माझ्या मुलाचं नाव काय?"

पान यांची नजर टेबलावर गेली. तिथे आता सहा मार्चचे दोन कागद होते आणि दोन्हींवर वेगवेगळी नावे होती. त्यांनी एक वाचले, दुसरे वाचले, आणि मदतीसाठी लाय यांच्याकडे पाहिले.

को-शेंगने शिक्का डबीत बंद केला, डबी खिशात टाकली आणि आमाच्या मांडीवरून मुलाला उचलून घेतले. सू-छिंगने लाल पाकीट आणि कागद दोन्ही पर्समध्ये ठेवले. पान "ती केंद्राची मालमत्ता आहे" असे काहीतरी म्हणाले. त्यांच्याकडे कुणी पाहिले नाही.

उघड्या दारात एक बाई येऊन उभी होती. कडेवर तीन वर्षांची मुलगी, मान एका बाजूला कललेली. त्या दिवशी लाय यांचा हात धरून ठेवणारी हीच. तिने आतल्या कुणाचाही निरोप घेतला नाही, कुणाला नमस्कार केला नाही.

"लायसाहेब," ती म्हणाली, "माझ्या मुलीची फाइल काढा. सगळ्यात जुना कागद दाखवा."

तिच्यामागे खुर्च्या सरकल्याचा आवाज झाला. एक, मग आणखी एक, मग सगळ्याच.